पाण्याचा जमाखर्च : मनुष्याचा आणि वनस्पतींचा

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत 'उत्सर्जन' हा पाठ बहुधा एका तासात उरकला जातो. फळ्यावर घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे काढली जातात, त्यांपासून निघणाऱ्या दोन नळ्या एका पिशवीत सोडल्या जातात आणि मुले ती आकृती वहीत उतरवून घेतात. पुढे वनस्पतींच्या उत्सर्जनाविषयी चार ओळी सांगितल्या जातात : पाने गळतात, डिंक पाझरतो, प्राणवायू बाहेर पडतो. पाठ संपतो. परीक्षेत प्रश्न आला तर मुले उत्तर लिहितात व गुणही मिळवतात. परंतु हाच पाठ चालू असताना मागच्या रांगेतील एखादे मूल करंगळी वर करते आणि त्याला 'तास संपेपर्यंत बस' असे उत्तर मिळते, तेव्हा फळ्यावरील मूत्रपिंड आणि त्या मुलाच्या पाठीतील मूत्रपिंड यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे त्या वर्गात कोणाच्याच मनात आलेले नसते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा संबंध होय.

या विषयाला तराजूपासून प्रारंभ करणे सोयीचे आहे. इटलीतील पादुआ येथे वैद्यकाचे अध्यापक असलेले सांतोरियो यांनी १६१४ साली एक लहानसे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी एका मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली होती आणि तिच्यावर बसून ते स्वतःचे वजन करीत. खाण्यापूर्वीचे वजन, खाल्ल्यानंतरचे वजन, अन्नाचे, पाण्याचे, मळाचे आणि मूत्राचे वजन, असा हिशेब त्यांनी सुमारे ३० वर्षे ठेवला. त्यातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दिवसभरात जितके अन्नपाणी पोटात जाते, त्यांपैकी बराच मोठा भाग मळ अथवा मूत्र यांच्या रूपाने बाहेर पडतच नाही. आठ पौंड अन्नपाणी घेतले तर सुमारे पाच पौंड न दिसता नाहीसे होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. हा आकडा आजच्या मोजमापाने अधिक वाटतो. शिवाय कातडीतून जाणारी वाफ, श्वासाबरोबर जाणारी वाफ आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड वायू यांची वाटणी करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तथापि देहाच्या खर्चाचा एक भाग डोळ्यांना दिसत नाही, ही गोष्ट त्यांनी तराजूने सिद्ध केली, आणि ती आजही खरी आहे.

दुसरा तराजू वनस्पतीचा. लंडनजवळील टेडिंग्टन येथील एक धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७२४ च्या उन्हाळ्यात कुंडीतील सूर्यफुलाचे एक झाड घेतले. झाडाची उंची साडेतीन फूट. कुंडीतील मातीची वाफ वर जाऊ नये म्हणून त्यांनी कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले आणि पाणी घालण्यापुरती वाट ठेवली. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तोलली. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी हवेत सोडून देते, असे त्यांना आढळले. कोरड्या उबदार रात्री हा खर्च तीन औंसांवर येई आणि दव पडले तर अजिबात होत नसे. आकारमानाचा हिशेब करता मनुष्यापेक्षा सूर्यफूल १७ पट अधिक पाणी हवेत सोडते, असे त्यांनी १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे.

हेल्स यांच्या या प्रयोगात असे काहीच नाही की जे खेड्यातील शाळेत मिळणार नाही. कुंडीत अथवा पत्र्याच्या डब्यात लावलेले एखादे रोप, मातीवर घट्ट बांधण्यास प्लास्टिकची पिशवी आणि गावातील किराणा दुकानदाराचा काटा एवढ्यावर भागते. सकाळी शाळा भरताना वजन करावे आणि सुटताना पुन्हा करावे. एक दिवस कुंडी उन्हात ठेवावी, एक दिवस सावलीत. वजन करण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून अंदाज वहीत लिहून घ्यावा. हे पथ्य महत्त्वाचे आहे, कारण अंदाज चुकल्याखेरीज आकड्याचे आश्चर्य वाटत नाही. डहाळीला प्लास्टिकची पिशवी बांधून आत जमलेले थेंब दाखवण्याचा प्रयोग पुष्कळ शाळांत होतो. तो चांगलाच आहे. परंतु थेंब पाहिल्याने पाणी बाहेर पडते एवढेच कळते. किती पडते हे काटाच सांगतो.

आता मुले सहजच विचारतील की झाड इतके पाणी फेकून का देते. येथे मराठी परिभाषेने एक घोटाळा करून ठेवला आहे. या क्रियेला आपल्या पुस्तकांत 'बाष्पोत्सर्जन' म्हणतात, आणि शब्दातच 'उत्सर्जन' असल्यामुळे मुलांची, किंबहुना काही शिक्षकांचीही, अशी समजूत होते की पाणी हा वनस्पतीचा टाकाऊ पदार्थ असून झाड घामावाटे तो बाहेर टाकते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. पाणी झाडाला हवेच असते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा ९७ किंवा त्याहूनही अधिक भाग वाफ होऊन निघून जातो, तो झाडाला नकोसा असतो म्हणून जात नाही. पानाला अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू लागतो आणि हवेच्या १०,००० भागांत तो सुमारे चारच भाग असतो. इतका विरळ वायू मिळवायचा तर पानावरील सूक्ष्म रंध्रे उघडी ठेवावी लागतात. आणि ज्या दाराने तो वायू आत येतो त्याच दाराने पानातील ओलावा बाहेर जातो. अन्नासाठी वनस्पतीने मोजलेली ही किंमत आहे. जाता जाता तिचे दोन फायदे होतात : पान उन्हात थंड राहते, आणि पाण्याच्या ओढीबरोबर मातीतील क्षार वर चढतात.

पाणी उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते कसे, या प्रश्नावर फार वाद झाले. पानांतून वाफ जाते तसतशी पाण्याची अखंड तार वरून ओढली जाते, असे मत डिक्सन आणि जोली यांनी डब्लिन येथे १८९४ साली मांडले व आज तेच सर्वसामान्यपणे मान्य आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १९२३ साली याच विषयावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की खोडातील विशिष्ट पेशी हृदयाप्रमाणे स्पंदन पावून रस वर चढवतात. बसूंची उपकरणे विलक्षण नाजूक होती आणि वनस्पतींच्या संवेदनक्षमतेविषयी त्यांनी पाहिलेले पुष्कळसे आज नव्या आदराने वाचले जाते. परंतु रसारोहणाविषयीचे त्यांचे हे अनुमान पुढील संशोधनात टिकले नाही. आपल्या देशातील थोर पुरुषाविषयी बोलताना मुलांना एवढे खरे सांगण्यास हरकत नसावी.

रंध्राची रचना मात्र हृदयाइतकीच वाखाणण्याजोगी आहे. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंस एकेक पेशी द्वारपालासारखी असते. तिच्यात पालाशाचे क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी शिरले म्हणजे ती फुगते, वाकते आणि रंध्र उघडते. पाणी ओसरले म्हणजे रंध्र मिटते. जमीन सुकू लागली की वनस्पतीत एक विशिष्ट द्रव्य तयार होऊन द्वारपालांना मिटण्याची सूचना देते. १९६० नंतरच्या दशकात त्याचा शोध लागला. अवर्षणात पिकाची वाढ खुंटते तिचे एक मोठे कारण येथे आहे : पाणी वाचवण्यासाठी पिकाने दार लावून घेतलेले असते आणि त्यामुळे त्याचे अन्नही बंद झालेले असते. निवडुंग व शेताच्या बांधावरील घायपात यांनी या पेचातून निराळी वाट काढली आहे. ती रंध्रे रात्री उघडतात, तेव्हाच्या गारव्यात वायू साठवून घेतात आणि दिवसा दारे बंद ठेवून अन्न शिजवतात. साग आणि पळस यांची वाट आणखी वेगळी; कोरडा हंगाम आला की दारांसकट घरच टाकून देतात. पानगळ हा वनस्पतीच्या पाण्याच्या हिशेबाचा भाग आहे, हे पाठात सहसा येत नाही.

आंब्याची सारख्या आकाराची दोन पाने तोडून देठाच्या टोकाला मेण लावावे; एकाच्या वरच्या पृष्ठावर आणि दुसऱ्याच्या खालच्या पृष्ठावर व्हॅसलीन चोपडून दोन्ही दोरीला टांगावी. खालून चोपडलेले पान अधिक काळ हिरवे राहते. आंब्याची रंध्रे पानाच्या खालच्या अंगाला असतात, हे सूक्ष्मदर्शकावाचून असे दाखवता येते.

वनस्पतींच्या टाकाऊ द्रव्यांचा प्रश्न उरला. त्यांना मूत्रपिंडे का नसतात, याचे उत्तर त्यांच्या आहारात आहे. झाड आपली प्रथिने स्वतः, लागतील तेवढीच, मातीतील नत्रापासून तयार करते. शिल्लक नत्र बाहेर टाकण्याची पाळी त्याच्यावर सहसा येत नाही. उलट पान गळण्यापूर्वी त्यातील बराचसा नत्र झाड खोडात ओढून घेते. म्हणून गळणारे पान पिवळे पडलेले असते. काही द्रव्ये मात्र झाड बाजूस साठवून ठेवते. खैराचा कात निघतो तो खोडाच्या आतल्या काळसर गाभ्यातून, आणि त्या गाभ्यातून पाणी वाहणे केव्हाच थांबलेले असते. बाभळीचा डिंक जखमेवर येतो. यांना नुसते 'टाकाऊ' म्हणणे आता योग्य वाटत नाही, कारण गाभ्यातील द्रव्ये कीड व बुरशी यांपासून लाकडाचे रक्षण करतात आणि डिंक जखम बुजवतो. जुन्या पाठ्यपुस्तकांतील यादी वाचताना शिक्षकाने एवढा विवेक ठेवावा.

अळूच्या पानाचे उदाहरण मुलांच्या घरचे आहे. अळू नीट शिजला नाही, चिंच अथवा आमसूल पडले नाही, की घसा खाजतो. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते खाज आणतात. जास्तीचे कॅल्शियम बांधून ठेवणे आणि चरणाऱ्या प्राण्यांना दूर राखणे हे या स्फटिकांचे उपयोग मानले जातात. मनुष्याच्या मूत्रपिंडात होणारे मुतखडे बहुतांशी याच कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. अळूने जे पानात नेमक्या जागी रचून ठेवले, ते मनुष्याच्या देहात पाणी कमी पडले म्हणजे नको त्या जागी साचते. अळूच्या पानाची आणखी एक मौज पहाटे पाहावी. पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत असतो. ते दव नव्हे. दव साऱ्या पानावर पसरते. रात्री रंध्रे मिटलेली असताना मुळांनी वर ढकललेले पाणी पानाच्या कडेच्या खास छिद्रांतून बाहेर येते, ते हे. कोकणच्या खाड्यांतील तिवराचे झाड तर पानावर मीठ टाकते. उन्हात पान वाळले की मिठाचे बारीक कण दिसतात, आणि चाटून पाहिल्यास चवही कळते. वनस्पतींत खऱ्या अर्थाने उत्सर्जन पाहायचे असेल तर खाडीकाठच्या शाळांना हे उदाहरण हाताशी आहे.

आता मनुष्याकडे वळावे. प्रथम शब्दाचा दुसरा घोटाळा दूर केला पाहिजे. 'मलमूत्र' असा जोडशब्द असल्यामुळे दोन्ही एकाच जातीची समजली जातात. मळातील घन भाग बहुतांशी न पचलेल्या अन्नाचा व आतड्यातील जंतूंचा असतो. तोंडापासून गुदापर्यंतच्या नळीतून तो जातो, रक्तात कधी शिरतच नाही. मूत्र हे रक्तातून निघते. देहाच्या पेशींनी काम केल्यावर जे उरले, ते त्यात असते. घामाविषयीही असेच सांगता येईल : त्याबरोबर थोडे मीठ व थोडा यूरिया जातो खरा, परंतु घामाचे काम देह थंड राखणे हे होय.

मनुष्य, गाय, शेळी यांना झाडाप्रमाणे प्रथिने हवी तेवढीच मिळत नाहीत. डाळ, दूध, अंडी यांतून ती येतात, आणि वापरून उरलेल्या प्रथिनांतील नत्रापासून अमोनिया तयार होतो. अमोनिया विषारी असल्यामुळे यकृत त्याचा यूरिया बनवते. हे नाव खेड्यातील मुलाला खताच्या पोत्यावरून ठाऊक असते आणि तो पदार्थ खरोखर तोच आहे. जर्मन रसायनज्ञ व्होलर यांनी १८२८ साली प्रयोगशाळेत यूरिया तयार केला, तेव्हा प्राण्याच्या देहाबाहेरही तो होऊ शकतो याचे मोठे नवल वाटले होते. आज तो कारखान्यांत पोत्यांनी तयार होतो. प्रौढ मनुष्य रोज सुमारे २५ ग्रॅम यूरिया मूत्रावाटे टाकतो. आपण ज्याच्यापासून सुटका करून घेतो ते उसाला विकत आणून घालावे लागते, हे वर्गात एकदा सांगितले की मुले विसरत नाहीत. भिंतीवरच्या पालीची विष्ठा पाहावी. काळ्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. तो युरिक आम्लाचा. पाल आणि पक्षी नत्र असा जवळजवळ कोरडा टाकतात, त्याला पाणी फारसे लागत नाही. मनुष्याला मात्र यूरिया विरघळवून टाकण्यास पाणी खर्चावेच लागते.

तो खर्च मूत्रपिंड कसा करते हे 'गाळणे' या उपमेने नीट समजत नाही. गाळण्यात घाण अडकते आणि स्वच्छ पाणी खाली येते. येथे प्रकार निराळा आहे. दिवाळीपूर्वी घर झाडताना घरातील सामान एकदा अंगणात काढतात, मग हवे ते निवडून परत आत नेतात आणि अंगणात उरते ते उकिरड्यावर जाते; मूत्रपिंडाची रीत अशी आहे. दोन्ही मूत्रपिंडांतून दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त वाहते. प्रत्येकात दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म नलिका असतात आणि प्रत्येक नलिकेच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक पुंजका असतो. तेथे रक्तपेशी व प्रथिने मागे राहतात आणि पाणी, साखर, मीठ, यूरिया हे सारे नलिकेत उतरते. दिवसाकाठी असे सुमारे १८० लिटर पाणी उतरते. बाहेर पडते दीड लिटर. बाकीचे सारे, साखर तर संपूर्ण, नलिका परत रक्तात घेते. हे अनुमान फार दिवस वादग्रस्त होते. अमेरिकेत वर्न आणि रिचर्ड्‌स यांनी १९२४ साली बेडकाच्या मूत्रपिंडातील अशा एका पुंजक्यात केसासारखी बारीक काचनळी खुपसून तेथील द्रवाचा कण काढला. त्यात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील मूत्रात नव्हती. वाटेत ती परत घेतली गेली हे यावरून ठरले.

किती पाणी परत घ्यावयाचे, हा निर्णय मेंदूत होतो. रक्ताचा दाटपणा शेकडा एक-दोनाने वाढला तरी मेंदूचा एक भाग ते ओळखतो, तहान लावतो आणि पियुषिका ग्रंथीतून एक द्रव्य रक्तात सोडतो. त्याच्या आज्ञेने मूत्रपिंड अधिक पाणी राखते व मूत्र दाट, गडद पिवळे होते. सकाळचे पहिले मूत्र गडद असते ते म्हणूनच. परंतु या काटकसरीला सीमा आहे. कितीही कोंडमारा झाला तरी दिवसाला सुमारे अर्धा लिटर मूत्र टाकल्यावाचून प्रौढाच्या देहातील यूरिया व क्षार बाहेर पडू शकत नाहीत. समुद्रात भरकटलेले खलाशी चोहीकडे पाणी असून तहानेने मरतात, कारण समुद्राचे मीठ बाहेर टाकण्यास प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी लागते.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर काय करावे लागते, हे पाहिले म्हणजे त्यांच्या कामाचे मोल कळते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये कांपेन या लहान गावी विलेम कोल्फ नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४३ साली लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची लांब नळी गुंडाळली, ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरवले आणि रोग्याचे रक्त त्या नळीतून खेळवले. सेलोफेनमधून यूरिया पाण्यात उतरे. आरंभीचे जवळजवळ सर्व रोगी दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. आज जिल्हा रुग्णालयांत चालणारे डायलिसिस हे त्याच पिंपाचे वंशज आहे आणि केंद्र सरकारने २०१६ साली त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तरीही रोग्याला बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. दूरच्या गावाहून तालुक्याला वा जिल्ह्याला अशा खेपा घालणारी कुटुंबे आता बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची असतील.

मूत्रपिंड दगावण्याचे सर्वांत जलद कारण म्हणजे देहातील पाणी एकाएकी जाणे, आणि लहान मुलांत ते हगवणीने होते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपले. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या खाली आले. साखर असली म्हणजे आतडे मीठ ओढून घेते आणि मिठामागे पाणी जाते, हे त्यातील मर्म. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर चहाचे सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, हे प्रमाण प्रत्येक मुलाला पाढ्यासारखे पाठ असावे. मीठ मात्र वाढवू नये.

आता पुन्हा वर्गात. आठ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात सुमारे ३०० मिलिलिटर मूत्र मावते, म्हणजे मोठ्या पेल्याहून फारसे अधिक नाही. त्याला 'थांब' म्हणणे म्हणजे त्याच्या मेंदूची सूचना खोटी ठरवणे होय. पाच-सात वेळा असा अनुभव आला की मूल पाणीच पीत नाही. तहान मारून बसण्याची सवय लागते. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलींची मूत्रनलिका आखूड असल्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात, आणि त्यांना वारंवार धुऊन काढणे हे मूत्राच्या प्रवाहाचेच काम असते. सकाळी घरून निघालेली मुलगी सायंकाळी घरी जाईपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही, कारण शाळेत जाण्यासारखी जागा नाही. जळजळ, ताप, पोटात दुखणे अशा कारणांनी तिची गैरहजेरी लागते; हजेरीपटावर 'आजारी' एवढीच नोंद होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि पिण्याचे सुरक्षित पाणी या शाळेच्या आवश्यक गोष्टी म्हणून घातलेल्या आहेत. केरळातील शाळांत २०१९ पासून पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देण्याची प्रथा सुरू झाली आणि पुढे इतर राज्यांतही ती गेली. घंटेला पैसे पडत नाहीत. परंतु पाणी पाजणारी घंटा दिली आणि लघवीला जाण्याची मुभा दिली नाही तर तो उपक्रम अर्धाच राहील. वस्तुतः मुलांना तो त्रासाचाच होईल.

मध्य अमेरिकेतील ऊसतोडणी कामगारांत, ज्यांना मधुमेह नाही व रक्तदाबही नाही अशा तरुणांतही, मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००२ पासूनच्या वैद्यकीय लेखांतून पुढे आले. कडक उन्हातील श्रम आणि पुरेसे पाणी न मिळणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. महाराष्ट्रात दर हंगामाला ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे स्थलांतर करतात आणि त्यांची मुले कधी गावच्या तर कधी कारखान्याजवळच्या शाळेत बसतात. त्यांतील अनेक मुले काही वर्षांत हातात कोयता घेतील. मूत्राचा रंग पाहून पाणी कमी पडल्याचे ओळखणे, उन्हात काम करताना तहान लागण्याची वाट न पाहणे, हे त्यांना कोणी सांगितले तर शाळेतच सांगितले जाईल. फिकट पिवळा रंग ठीक. गडद पिवळा म्हणजे पाणी प्यावे. चहासारखा अथवा लालसर दिसल्यास दवाखाना गाठावा. तक्ता करून तो वर्गात लावण्यास एक तास पुरतो. मुतारीपाशी मात्र तो लावू नये, तेथे मुले वाचत उभी राहत नाहीत.

मुतारीच्या दुर्गंधीविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. ताज्या मूत्राला तो दर्प नसतो. जंतू यूरिया फोडून अमोनिया करतात, तेव्हा तो सुटतो. प्रत्येक सुट्टीनंतर दोन बादल्या पाणी ओतण्याची पाळी मुलामुलींत आळीपाळीने लावली, आणि ती शिक्षा म्हणून कोणावर न लादता शिक्षकांनीही तिच्यात आपला दिवस घेतला, तर दर्प राहत नाही. पाण्याचा दुष्काळ असलेल्या गावांत हात धुतलेले पाणी एका पिंपात धरून या कामी वापरता येते. बऱ्याच शाळांत मुलींच्या शौचालयाला कुलूप असते, नासधूस होऊ नये या हेतूने, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या मेजाच्या खणात असते. ती मागण्यासाठी मुलीला भर कचेरीत, चार मोठ्या माणसांसमोर उभे राहावे लागते. शाळेच्या वेळात तीच किल्ली वर्गाच्या दाराशी, मुलींच्या हाताला येईल इतक्या उंचीवर खिळ्याला टांगता येते.